रणांगणावरील धर्मसंकट



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला, त्याच संध्याकाळी आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात गाठले आणि विचारले, "अहो, डेन्मार्कच्या सिनेमाचे जालन्याला काय?" प्रश्न रास्त होता. डेन्मार्क म्हणजे सहकारी दूधसंघांसाठी नावाजलेला, नकाशावर बोटाखाली झाकून जाईल एवढा देश. त्याच्या चित्रपटावर वसंत ऋतूतल्या या उकाड्यात तासभर बोलायचे आणि आपण ते ऐकायचे, यात थोडा अव्यापारेषु व्यापार आहेच. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, की सिनेमा डेन्मार्कचा असला तरी त्यातला प्रश्न आपल्या जिल्ह्यातला आहे. ते हसले आणि निघून गेले. आज ते समोर बसलेले दिसतात, तेव्हा दिलेला शब्द पाळणे आम्हांला भाग आहे.

आधी चित्रपट. त्याचे मूळ नाव 'क्रीगन', म्हणजे 'युद्ध'. इंग्रजीत तो 'अ वॉर' म्हणून ओळखला जातो. तो २०१५ साली निघाला. लेखन आणि दिग्दर्शन टोबियास लिंडहोम यांचे. २०१६ च्या ऑस्कर पारितोषिकांसाठी परभाषी चित्रपटांच्या निवडक पाचांत तो होता, पारितोषिक मात्र 'सन ऑफ सॉल' या हंगेरीच्या चित्रपटाला मिळाले. डेन्मार्कने अफगाणिस्तानात, मुख्यतः हेल्मंड प्रांतात, आपली फौज धाडली होती. साठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या देशाची ४३ माणसे त्या मोहिमेत पडली. लिंडहोम यांनी सैनिकांच्या बऱ्याच भूमिका तिथे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या सैनिकांकडूनच करवून घेतल्या. त्यामुळे त्यांच्या चालण्याबोलण्यात नाटकीपणा नाही. भीती वाटली की ही माणसे ओरडत नाहीत, गप्प होतात.

कथा एका तुकडीनायकाची आहे. त्याचे नाव क्लाउस पेडरसन, आणि काम केले आहे पिलू आस्बेक या नटाने. त्याच्या तुकडीतला एक तरणा पोरगा सुरुंगावर पाय पडून मरतो. बाकीच्यांचा धीर खचतो. तेव्हा छावणीत बसून हुकूम सोडण्याऐवजी क्लाउस स्वतः गस्तीला निघू लागतो. माणूस भला आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण वाईट माणसापुढे धर्मसंकट उभेच राहत नाही.

गस्तीत एका अफगाण घरातल्या भाजलेल्या मुलीवर ही तुकडी उपचार करते. पुढे त्या मुलीचा बाप बायकापोरांना घेऊन छावणीच्या दाराशी येतो. तुमची मदत घेतली म्हणून तालिबान आम्हांला मारणार आहेत, आजची रात्र आत घ्या, एवढेच त्याचे मागणे. छावणीत नागरिकांना ठेवून घेण्याची सोय नाही. क्लाउस त्याची समजूत घालतो, आम्ही उद्या येतो म्हणून सांगतो, आणि त्यांना परत पाठवतो. दुसऱ्या दिवशी तुकडी शब्दाप्रमाणे जाते, तेव्हा ते सारे कुटुंब मारलेले सापडते. आम्हांला वाटते, चित्रपटाचा खरा अपराध येथेच घडतो, आणि त्याबद्दल पुढे कोणी खटला भरीत नाही. नियमाला धरून वागलेल्या माणसावर खटला कसा भरणार?

त्याच जागी तुकडीवर गोळीबार सुरू होतो. एका जवानाच्या मानेत गोळी लागते. जखमी माणसाला नेणारे हेलिकॉप्टर उतरावयाचे तर आधी गोळीबार थांबला पाहिजे, आणि गोळीबार कोठून होतो आहे ते कोणालाच दिसत नाही. विमानातून बॉम्ब टाकावयास सांगायचे तर नियम असा, की शत्रू अमुक जागी आहे हे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. पोरगा डोळ्यांदेखत रक्त ओकत आहे. क्लाउस बिनतारी यंत्रावर सांगून टाकतो, की सहा नंबरच्या वाड्यात शत्रू आहे, खात्री झाली आहे. बॉम्ब पडतो, हेलिकॉप्टर उतरते, पोरगा वाचतो. काही दिवसांनी कळते, की त्या वाड्यात अकरा नागरिक मेले, त्यांत पुष्कळ मुले होती.

येथून पुढचा चित्रपट डेन्मार्कच्या एका न्यायालयात घडतो. त्या खोलीत बंदूक नाही, धूळ नाही, सारे स्वच्छ. सरकारी वकील एक स्त्री आहे. ती आवाज न चढवता एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते : तुम्ही कोणाला पाहिले? क्लाउसच्या मनात खरे सांगून टाकावे असे आहे. त्याची बायको मारिया तीन लेकरांना एकटीने सांभाळून थकली आहे. ती त्याला म्हणते, की तू कदाचित आठ मुले मारली असशील, पण तुझी तीन जिवंत मुले या घरात आहेत. या वाक्यावर रागावणे सोपे आहे. आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्हीही रागावलो. दुसऱ्यांदा पाहताना आमच्या घरातली मंडळी शेजारी बसली होती, तेव्हा तितकेसे रागावता आले नाही.

शेवटी बिनतारी यंत्र सांभाळणारा त्याचा सोबती साक्षीला उभा राहतो आणि सांगतो, की त्या वाड्यातून बंदुकीची ठिणगी उडालेली आपण पाहिली. ते खोटे आहे. क्लाउसला ते ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, बहुधा वकीलबाईंनाही ठाऊक आहे. क्लाउस सुटतो. घरी मुलाला निजवताना पांघरुणाबाहेर राहिलेली त्याची पावले दिसतात. तशीच लहान पावले आपण त्याआधी अफगाण घरात पाहिलेली असतात. क्लाउस पांघरूण ओढून ती झाकतो आणि अंगणात जाऊन एकटा सिगारेट ओढत बसतो. चित्रपट संपतो.

मित्रहो, ही गोष्ट ऐकताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक जुनी गोष्ट घोळू लागली असेल. द्रोणाचार्य आवरत नाहीत, पांडवांची फौज कापली जात आहे, आणि त्यांना खाली बसवण्याचा एकच उपाय आहे : तुमचा मुलगा मेला असे कोणीतरी विश्वासाच्या माणसाने सांगायचे. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून त्या असत्याला खरेपणाचा टेकू देतो, आणि धर्मराज 'नरो वा कुंजरो वा' हळू आवाजात उच्चारून मोकळा होतो. त्याचा जमिनीपासून चार बोटे अधांतरी चालणारा रथ त्या क्षणी खाली टेकला, एवढे आपण सारे सांगतो. पण त्यापुढचे सहसा सांगत नाही. ज्याच्या मरणाची हूल उठवली, तोच अश्वत्थामा युद्ध संपल्यावर रात्री पांडवांच्या शिबिरात शिरला आणि द्रौपदीची पाचही मुले झोपेत मारून गेला. व्यासांनी या दोन घटनांमध्ये कार्यकारणाचा दोर उघड बांधला आहे. डेन्मार्कच्या चित्रपटात साक्षीदार भीमाचे काम करतो आणि क्लाउस अर्ध्या धर्मराजाचे. तो दुसऱ्याला खोटे बोलू देतो. त्याचाही रथ खाली आलाच आहे, फक्त पाहणारे कोणी नाही.

आता असई. येथवर आपण दूरच्या हेल्मंडचे ऐकले. हीच कोंडी आपल्या जिल्ह्याच्या मातीवर दोनशे वर्षांपूर्वी कशी पडली होती, ते पाहावयाचे आहे.

आम्ही असईला दोनदा गेलो. पहिल्या खेपेस हातात नकाशा घेऊन बांधाबांधाने फिरताना एका शेतकऱ्याने हाक मारून विचारले, "मोजणीला आलात काय?" आम्ही म्हणालो, "नाही बाबा, लढाई पाहायला आलो." तो म्हणाला, "ती तर होऊन गेली," आणि पुन्हा कामाला लागला.

ती लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी. पार्श्वभूमी आपल्याला ठाऊक आहे. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह करून त्यांची फौज पदरी घेतली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांना तो तह मान्य नव्हता. १८०३ च्या ऑगस्टात युद्ध पेटले. जनरल आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच, त्या वेळी त्याचे वय अवघे चौतीस. शिंदे-भोसल्यांची फौज अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात, म्हणजे आपल्या याच मुलखात, उतरली होती. निजामाकडची इंग्रजी फौज कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखाली होती. त्याने २ सप्टेंबरला हे आपले जालना घेतले.

२१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची गाठ पडली ती बदनापुरास. होय, आपण रेल्वेने जाताना जे स्टेशन लागते तेच बदनापूर. तेथे ठरले, की मराठ्यांची फौज भोकरदनला आहे. दोघांनी दोन वाटांनी जावे, २४ तारखेला एकत्र व्हावे आणि मिळून हल्ला करावा. दुर्दैवाने, किंवा इंग्रजांच्या दृष्टीने सुदैवाने म्हणा, जासुदांनी सांगितलेले 'भोकरदन' हे गावाचे नाव नव्हते, परगण्याचे होते. फौज भोकरदनपासून थेट असईपर्यंत पसरलेली होती. २३ तारखेला सकाळची मजल मारून वेलस्ली मुक्कामावर पोचला, तेव्हा त्याला कळले की शत्रू आपल्यापासून दोनतीन कोसांवर आहे आणि स्टीव्हन्सन अजून लांब आहे. गावाचे नाव आणि परगण्याचे नाव एकच असले म्हणजे काय होते, हे आपल्या महसूल खात्यातल्या मंडळींना अधिक सांगावयास नको.

आता पाहा. वेलस्लीजवळ स्वतःची लढाऊ फौज साडेचार हजारांच्या आसपास, तोफा सतरा. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळ. समोर शिंद्यांचे कवायती कंपू सुमारे अकरा हजार, शंभराच्या घरात तोफा, आणि भोसल्यांसह मिळून हजारोंच्या हजारो घोडेस्वार. वेलस्लीची माणसे पहाटेपासून चाललेली. उद्या स्टीव्हन्सन येणार हे ठाऊक असलेले. अशा वेळी थांबावे की तुटून पडावे? थांबले तर शत्रूचे पायदळ आणि तोफा निसटतील, किंवा त्याचे अफाट घोडदळ आपल्याच तळावर येऊन कोंडमारा करील. तुटून पडले तर आपलीच माणसे किती कापली जातील याचा नेम नाही.

त्याने तुटून पडायचे ठरवले. वाटाड्यांनी सांगितले, केळणेला पुढे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून नदीच्या दोन्ही काठांना पिंपळगाव आणि वरूड ही गावे समोरासमोर पाहिली आणि तर्क केला, की दोन गावे अशी तोंडाला तोंड देऊन बसली आहेत त्याअर्थी मधून लोकांची ये-जा असलीच पाहिजे. तर्क खरा ठरला. इंग्रज लेखक या तर्काचे फार कौतुक करतात. आम्हांला वाटते, कोणत्याही गुराख्याने ते सांगितले असते, फक्त त्याला विचारावयास हवे होते. उतारावर पाण्यात असतानाच वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचे डोके तोफेच्या गोळ्याने उडाले.

मग केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात जे झाले ते तीन तासांत संपले. मराठी कंपूंचा मुख्य अधिकारी अँथनी पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस होता, पूर्वी कंपनीच्याच चाकरीत सार्जंट असलेला. त्याने फौजेचे तोंड झटक्यात फिरवले आणि नव्या दिशेला तोफांची रांग उभी केली. वेलस्लीची अशी अपेक्षाच नव्हती. इंग्रजांच्या उजव्या बाजूची आघाडी कर्नल ऑरॉक नावाचा अधिकारी नेत होता. त्याने हुकूम चुकीचा समजून थेट असई गावाच्या तोफांवरच पलटण नेली. तिच्यामागून चौऱ्याहत्तरावी गोरी पलटण गेली, आणि तिचा जवळजवळ एकही अधिकारी धड उरला नाही. वेलस्लीने नंतर ऑरॉकवर ठपका ठेवला नाही. चूक झाली याचे दुःख आहे, पण यापेक्षा भयंकर माऱ्यात कोणी माणसे नेली नसतील, अशा आशयाचे त्याने लिहिले. उदारपणा खरा. पण जी माणसे नेली गेली, त्यांच्या बाजूने हे वाक्य वाचून पाहावे.

संध्याकाळी मैदान इंग्रजांच्या हाती होते. त्यांची हानी ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता, म्हणजे लढलेल्या माणसांपैकी तिसरा हिस्सा. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या, आणि माणसे हजारोंनी पडली. त्या रात्री वेलस्लीला झोपेत दचकून जाग येई आणि आपले सारे मित्र मेले असे वाटे, असे त्याने स्वतः पुढे सांगितले. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला, पण पाठलागाला लगेच निघू शकला नाही. त्याचे वैद्य वेलस्लीच्या जखमींतच गुंतले होते. पुढे जखमींचे इस्पितळ अजिंठ्यास उभारले गेले. ऑक्टोबरातल्या एका पत्रात वेलस्ली म्हणतो, की एवढा लाभ मिळणार असला तरी २३ सप्टेंबरसारखी हानी मला पुन्हा पाहावयास आवडणार नाही.

क्लाउसचा प्रसंग आणि हा प्रसंग अगदी एक नाही, हे आम्ही जाणतो. क्लाउसने परक्यांची मुले देऊन आपला जवान वाचवला. वेलस्लीने आपलेच जवान देऊन विजय घेतला. पण दोघांनाही निर्णय घेण्यास घटकाभर वेळ मिळाला, आणि दोघांचीही माहिती अर्धवट होती. त्या घटकेत माणूस नवीन विचार करीत नाही. त्याच्या मनात ज्यांचे चेहरे आधीपासून असतात त्यांच्या बाजूने तो कौल देतो. क्लाउसपुढे मान फुटलेला पोरगा होता, वाड्यातली मुले नव्हती. वेलस्लीपुढे काय होते? त्याचा थोरला भाऊ गव्हर्नर-जनरल होता, शिंद्यांच्या तोफांचा धाक कलकत्त्यापर्यंत पोचलेला होता. पलटणीतल्या मद्रासी शिपायाचा चेहरा त्या घटकेत त्याच्यापुढे होता असे मानायला आम्ही तयार नाही.

आणि त्याला जाब कोणी विचारला? न्यायालयाने नाही, पार्लमेंटने नाही. विचारला तो एका मित्राने, खाजगी पत्रातून. मद्रास इलाख्यातले टॉमस मन्रो, पुढे मद्रासचे गव्हर्नर झालेले, यांनी त्याला मोकळेपणाने लिहिले, की तू फौज दोन ठिकाणी का विभागलीस आणि स्टीव्हन्सनची वाट का पाहिली नाहीस. वेलस्लीने १ नोव्हेंबर १८०३ च्या उत्तरात सविस्तर कारणे दिली. आम्ही वर जी कारणे सांगितली ती त्यातलीच. उत्तर वाचण्यासारखे आहे, कारण विजयी माणूस सहसा असे उत्तर देत बसत नाही. तथापि, प्रश्न होता डावपेचांचा. असईच्या रयतेविषयी त्यात प्रश्न नव्हता. इंग्रजांनी त्या लढाईच्या हानीची जी यादी केली तिच्यात गोऱ्यांचा रकाना आहे, काळ्यांचा आहे, घोड्यांचाही आहे. ज्या गावाच्या गढीभोवती तोफा लावल्या होत्या, त्या गावाचा रकाना नाही. त्याच वर्षी आणि पुढच्या १८०४ साली दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. फौजांनी तुडवलेला मुलूख त्यात अधिकच होरपळला. नगरला लोकांना काम देऊन जगवण्याची व्यवस्था पुढे वेलस्लीनेच केली, हेही सांगावयास हवे.

आता मराठ्यांच्या बाजूला येऊ. तेथला पेच आमच्या मते अधिक खोल आहे.

शिंद्यांचे कंपू १७८४ पासून द बॉयन्याने उभारलेले. त्यांत शिपाई बहुतेक उत्तर हिंदुस्थानचे, अधिकारी फ्रेंच, इंग्रज, किंवा इंग्रज बाप आणि हिंदी आई यांची मुले. युद्ध लागताच गव्हर्नर-जनरलने ऑगस्टच्या अखेरीस जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश प्रजाजनांनी ती सोडावी, कंपनी त्यांची सोय लावील. हे काही सोपे निमंत्रण नव्हे. ज्याचे मीठ वीस वर्षे खाल्ले त्याला ऐन लढाईत सोडायचे, की ज्या देशात आपण किंवा आपला बाप जन्मला त्याच्या निशाणावर गोळी झाडायची? पुष्कळांनी चाकरी सोडली. जेम्स स्किनर याचे उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते. बाप स्कॉटिश, आई राजपूत. तो कंपनीकडे गेला खरा, पण घोडदळाची सरदारी घेताना त्याने अट घातली, की मला जुन्या धन्याविरुद्ध, शिंद्यांविरुद्ध, लढावयास लावू नये. कोणत्याही बाजूचा कायदा त्याला असे करावयास सांगत नव्हता. पोलमन मात्र असईनंतर काही काळाने पुन्हा कंपनीच्याच चाकरीत दिसतो. आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. तो पगारी माणूस होता आणि त्या दिवशी लढला चांगला.

खरे म्हणजे त्या माळावर मराठी बोलणारे फार थोडे असावेत. इंग्रजांकडे मद्रासी, शिंद्यांकडे पुरबी. शिंदे आणि भोसले दोघेही राजे लढाईच्या आरंभीच मैदान सोडून गेले. आणि वेलस्लीच्या लष्कराबरोबर पेशव्यांनी जे घोडदळ दिले होते त्यात होते बापू गोखले. हेच बापू पुढे २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले. १८०३ साली धन्याचा हुकूम इंग्रजांच्या बाजूने लढण्याचा होता, १८१८ साली इंग्रजांविरुद्ध. दोन्ही वेळी ते धन्याशी इमानी राहिले. शाळेच्या पुस्तकात आपण फक्त दुसरे इमान शिकवतो. पहिल्याचे काय करायचे ते आपल्याला कळत नाही, म्हणून आपण ते वगळतो.

राहिले गोलंदाज. राजे गेले, अधिकारी पांगले, तरी हे लोक तोफा सोडून हलले नाहीत. संगिनीने भोसकले जाईपर्यंत ते तोफेशी उभे होते, हे त्यांच्या शत्रूंनीच लिहून ठेवले आहे. इंग्रजांची रांग तोफा ओलांडून पुढे गेली, तेव्हा त्यांतले काही तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले होते. रांग पुढे जाताच ते उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर गोळे टाकू लागले. वेलस्लीला स्वतः परत फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या.

लहानपणी ही हकीकत ऐकली तेव्हा आमची छाती फुगली होती. आजही त्या गोलंदाजांपुढे आमची मान लवते. पण आज आम्हांला त्यातली दुसरी बाजूही दिसते. जखमी किंवा मेल्याचे सोंग करून शत्रूवर वार करणे याला आजच्या युद्धाच्या कायद्यात विश्वासघात म्हणतात. १९७७ च्या जिनिव्हा कराराच्या पुरवणीत ते स्पष्ट लिहिलेले आहे. १८०३ साली असा काही कायदा नव्हता. जखमी सैनिकांविषयीचा पहिला जिनिव्हा करारसुद्धा १८६४ चा. तेव्हा त्या गोलंदाजांना आज दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु तो नियम का झाला ते ध्यानात घ्यावे. शत्रूच्या सोयीसाठी तो झालेला नाही. एकदा पडलेला माणूस उठून तोफ डागतो असे कळले, की पुढचा शिपाई प्रत्येक पडलेल्या माणसात संगीन खुपसूनच पुढे जाईल, आणि त्या माळावर खरोखरीच जखमी होऊन पाणी मागत पडलेले शेकडो लोक होते. एका गोलंदाजाच्या शौर्याची किंमत दुसऱ्याच गोलंदाजाला मोजावी लागते. शूर माणसाला हे समजावून सांगणे फार कठीण आहे. आमच्याच्याने ते झाले नसते.

हेल्मंडमधल्या त्या नियमाची गोष्ट हीच. शत्रू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बॉम्ब टाकू नये, हा नियम छावणीतल्या कारकुनाला सुचलेला अडथळा नाही. त्याच्यामागे कोणत्यातरी वाड्यातल्या पोरांची पावले आहेत. क्लाउसने तो मोडला तेव्हा त्याला क्षमा करावी की नाही, याविषयी आम्ही घरी पुष्कळ वाद घातला आहे. आमचे मत सांगून टाकतो. बॉम्बसाठी आम्ही त्याला कदाचित क्षमा केली असती. तो पोरगा त्याच्या मांडीवर मरत होता. साक्षीदाराच्या खोटेपणावर गप्प बसल्याबद्दल आम्हांला क्षमा करवत नाही. तेथे कोणी मरत नव्हते, तेथे त्याला विचार करावयास पुरेसा वेळ होता. शिक्षा झाली असती ती फार तर चार वर्षांची. त्या चार वर्षांनी मेलेली मुले परत आली नसती हे खरे. पण ती मेली आणि कोणाच्या तरी हातून मेली, एवढे तरी एका देशाच्या दप्तरात लिहिले गेले असते. आमच्या सौभाग्यवतींचे मत उलट आहे. त्या म्हणतात, चार वर्षे बापाविना वाढणाऱ्या तीन लेकरांचाही कोठल्या दप्तरात रकाना नसतो. याला आमच्यापाशी उत्तर नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

एक गोष्ट मात्र डेन्मार्कच्या पदरी घातली पाहिजे. आपल्या हयात सैनिकांविषयी, युद्धाच्या आठवणी ताज्या असताना, असा चित्रपट काढणे, तो देशाच्या वतीने परदेशी स्पर्धेला पाठवणे आणि त्यात सैनिकांनीच काम करणे, याला मोठे काळीज लागते. चित्रपटातला निकाल चुकीचा असेल, पण प्रश्न तर भर न्यायालयात विचारला गेला. असईविषयी मन्रोंच्या एका पत्रापलीकडे कोणी तो विचारला नाही. आपण तर अजून तेथे कोण जिंकले आणि कोण हरले याच्याच हिशेबात आहोत.

आपल्यापैकी ज्यांना असई पाहावयाची असेल त्यांनी आता उन्हाळ्यात जाऊ नये. केळणा कोरडी असते आणि मग उताराचा प्रश्न एवढा का गाजला ते कळत नाही. सप्टेंबरात, पाऊस ओसरता ओसरता, भोकरदनला उतरावे. आधी केळणेच्या दक्षिण काठावर उभे राहून पलीकडे पाहावे, मग पाण्यातून जाऊन जुईच्या काठच्या गावात शिरावे. इंग्रज ज्या बाजूने आले त्या बाजूने एकदा आणि गोलंदाज जेथे होते तेथून एकदा, असे दोन्हीकडून ते रान पाहावे. दुसऱ्या फेरीसाठी गावात कोणाला तरी बरोबर घ्यावे. आम्हांला ज्यांनी वाट दाखवली ते गृहस्थ, आम्ही चहाचे पैसे देऊ लागलो तेव्हा, घ्यावयास तयार झाले नाहीत.